शरीरसौष्ठव आणि आहारातील मध्यम मार्ग

पोलीस भरतीची तयारी करणारा आपला एक माजी विद्यार्थी मध्यंतरी भेटावयास आला. दंड भरू लागले होते, पण चेहरा ओढलेला होता. १६०० मीटर धावताना शेवटच्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी येते, असे तो म्हणाला. विचारता विचारता कळले, की त्याने भाकरी आणि भात पूर्ण बंद केला होता. उसनवारीने आणलेला प्रथिनांच्या भुकटीचा डबा, उकडलेली अंडी आणि काकडी एवढाच त्याचा आहार होता.

त्या तरुणाला मी दोष देत नाही. आपल्या समाजाच्या ताटात पिढ्यान् पिढ्या भाकरी आणि चटणीच होती. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, तो स्वाभिमानाचा प्रश्न होता आणि आपल्या वाडवडिलांनी तो निष्ठेने सोडविला. परंतु त्या ताटात डाळ, दूध, अंडी पुरेशी यावीत एवढी मिळकत पुष्कळांच्या हाती आली नाही. त्यामुळे आजच्या मुलाला प्रथिनांचे महत्त्व पटावे, हे योग्यच आहे. चूक आहे ती भाकरीला शत्रू मानण्यात.

स्नायू प्रथिनांपासून घडतात हे खरे. पण ते घडविण्यासाठी लागणारी ऊर्जा मुख्यतः कर्बोदकांतून व स्निग्ध पदार्थांतून येते. धावताना, वजन उचलताना स्नायूंमध्ये साठविलेली साखर जळते आणि तो साठा भाकरी, भात, केळी यांतून भरला जातो. ऊर्जा अपुरी पडली, की शरीर प्रथिनेच जाळू लागते. म्हणजे घर बांधण्यासाठी आणलेले लाकूड चुलीत जाते! स्निग्ध पदार्थही वर्ज्य नाहीत. अनेक संप्रेरके आणि काही जीवनसत्त्वांचे शोषण त्यांवर अवलंबून असते.

आता हिशेब पाहू. सामान्य प्रौढास दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. नियमित व्यायामाने स्नायू वाढवू इच्छिणाऱ्यास सुमारे १.६ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या तरुणास ती ९६ ग्रॅम होतात. त्याची रोजची गरज २८०० उष्मांकांची धरली आणि त्यातील चौथा हिस्सा स्निग्ध पदार्थांना दिला, तर ते ७८ ग्रॅमच्या आसपास भरतात, कारण त्यांच्या एका ग्रॅमला ९ उष्मांक असतात. प्रथिने व कर्बोदकांना प्रत्येकी ४. उरलेल्या उष्मांकांसाठी कर्बोदके जवळजवळ ४३० ग्रॅम लागतात. तिन्हींत मोठा वाटा त्यांचाच!

हे सारे आपल्या स्वयंपाकघरात आहे. दिवसभरात साडेतीनशे ग्रॅम ज्वारीचे पीठ, शंभर ग्रॅम तांदूळ, शंभर ग्रॅम डाळ किंवा मटकी, मूठभर शेंगदाणे, तीन अंडी, अर्धा लिटर दूध, दोन केळी आणि फोडणीपुरते तेल, एवढ्यात वरील हिशेब पूर्ण होतो. अंडी न खाणाऱ्याने चाळीस ग्रॅम सोयाबीन वड्या घ्याव्यात. ज्वारीत लायसिन कमी असते आणि डाळीत मिथिओनिन. दोन्ही एकाच दिवसात पोटात गेली, की एकीची उणीव दुसरी भरून काढते. आपल्या आया हे रसायनशास्त्र न शिकता वरण-भाकरी वाढीत आल्या. प्रथिने एकाच जेवणात न कोंबता तीन-चार वेळांत विभागावीत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

सिद्धार्थाने सहा वर्षे देह कष्टविला. अस्थिपंजर झाल्यावर उरुवेलेस सुजातेच्या हातची खीर स्वीकारली, अशी परंपरा सांगते. वर्गात हा प्रसंग मी अनेकदा शिकविला, परंतु तांदूळ आणि दुधाच्या त्या पात्रात तिन्ही घटक एकत्र होते, हे या मुलाशी बोलतानाच प्रथम ध्यानात आले.

तो आता दोन्ही वेळा भाकरी खातो आणि धावण्यापूर्वी तासभर आधी एक केळे. शेवटच्या फेरीतील अंधारी थांबली आहे. डब्याचे काय करू, असे त्याने विचारले. पैसे मोजले आहेत, तेव्हा संपेपर्यंत दुधातून घे. नवा मात्र उसने काढून आणू नकोस, असे मी त्याला सांगितले.