आधी सेटलर, मग वाडा

सिड मायरचा ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ साली आला. पटावर एक वस्ती टाकायची आणि सहा हजार वर्षांत तिचं साम्राज्य करायचं, एक टर्न आपला, एक समोरच्याचा, असा हा खेळ. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचा सातवा भाग आला, पण शनिवार पेठेतल्या आमच्या घरात अजून सहाव्याचंच राज्य चालू आहे. त्यात हिंदुस्थानची गादी गांधीजी नाहीतर चंद्रगुप्त सांभाळतात. पेशव्यांना कुणी विचारलेलं नाही. ती कसर मी मनातल्या मनात भरून काढतो. खाली लिहिलंय ते पहिल्या शंभर टर्नपुरतं. डाव तिथेच ठरतो, पुढचे चारशे टर्न नुसती वसुली.

१. पहिलं गाव पाण्याला धरून, आणि लगेच.

हातात एक सेटलर, एक वॉरिअर. नदी दिसत असेल तर पहिल्याच टर्नला गाव वसवा, फार तर एक-दोन टर्न सरका. त्याहून चांगली जागा पलीकडे असेलही, पण तिकडे पोचेपर्यंत समोरच्याचं गाव वाढीला लागलेलं असतं. नदी किंवा तळं लगत असेल तर घरांची मर्यादा पाच, नुसता समुद्र असेल तर तीन, पाणीच नसेल तर दोन. दोनच्या गावात माणसं वाढत नाहीत, आणि माणसं वाढली नाहीत की सेटलर निघत नाही. नदीकाठची मैदानी टेकडी मिळाली तर सोन्याहून पिवळं: अन्न दोन, उत्पादन दोन.

कसबा मुठेच्या काठी वसला तो उगाच नाही. गाव वाढलं तेव्हा नानासाहेब पेशव्यांना कात्रजहून नळ आणावा लागला. अठराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेल्या त्या नळाचं पाणी पेठांमधल्या हौदांना आणि शनिवारवाड्याला मिळत असे. खेळातही अ‍ॅक्विडक्ट आहे, पण इंजिनिअरिंग शिकल्यावर. पहिल्या गावाला तोवर कोरडं ठेवणं परवडत नाही. ‘गॅदरिंग स्टॉर्म’ घेतलं असेल तर नदीला पूरही येतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी आमच्या पेठेत शिरलं होतं, तेव्हा पुराचं आम्हाला कुणी सांगायला नको. तरी नदीच घ्या.

२. रानटी टोळीच्या स्काउटचा पाठलाग करू नका, वाट अडवा.

पहिला स्काउट बांधायचा आणि त्याला मोकळा सोडायचा, हे सगळेच करतात. खरा प्रश्न त्यांच्या स्काउटचा. तो तुमचं गाव बघतो, त्याच्या डोक्यावर लाल उद्गारचिन्ह येतं आणि तो छावणीकडे पळत सुटतो. तो पोचला की थोड्याच टर्नमध्ये दारात झुंड. त्याची चाल तीन टाइलची, आपल्या वॉरिअरची दोनची. मागे धावून तो कधीच सापडत नाही.

भाचा सुट्टीत येतो तेव्हा माउस त्याच्या हातात असतो. “मामा, तो पळतोय!” “पळू दे. डोंगराच्या मधून वाट एकच आहे ना? तिथे स्लिंगर बसव, आणि वॉरिअर मागून ने.” दोघांच्या मधे सापडला. वॉरिअरने एकदा झोडपला, स्लिंगरने एकदा. पोरगं पुन्हा वॉरिअर पुढे घालायला निघालं तेव्हा मी त्याचा हात धरला. शेवटचा घाव स्लिंगरचाच हवा. त्याने गडी टिपला तर धनुर्विद्येचं चाळीस टक्के शिक्षण फुकटात होतं, वॉरिअरने टिपला तर काही नाही. स्लिंगरचा दगड बसला आणि स्काउट आडवा. त्या डावात आमच्या दारात झुंड आलीच नाही.

३. पहिल्या सेटलरसाठी कशाचीही वाट बघू नका, तिसऱ्यासाठी बघा.

सेटलर निघतो तेव्हा गावातला एक माणूस कमी होतो, त्यामुळे गावात किमान दोन असावे लागतात. स्काउट, स्लिंगर, सेटलर हा माझा क्रम. मॉन्युमेंट मागाहून. पहिल्या सेटलरला ८० उत्पादन लागतं आणि पुढचा प्रत्येक महाग होत जातो. म्हणून तिसऱ्या-चौथ्याच्या वेळी हातात ‘कॉलनायझेशन’चं कार्ड असावं, सेटलरचं काम दीडपट वेगाने होतं. ते ‘अर्ली एम्पायर’सोबत मिळतं, आणि सगळ्या गावांत मिळून सहा माणसं झाली की तेही लवकर येतं. ‘राइज अँड फॉल’ असेल तर मॅग्नसला राजधानीत बसवून त्याची ‘प्रोव्हिजन’ची बढती घ्या. मग सेटलर निघाला तरी माणूस घटत नाही. शेजारचं जंगल तोडून सेटलर पुरा करायला जिवावर येतं. तोडा.

४. दुसरं गाव शेजाऱ्याच्या दिशेने, पाठीमागे नाही.

यावर माझा सगळ्यांशी वाद होतो. नवखा माणूस सुरक्षित म्हणून समुद्राकडच्या कोपऱ्यात गाव टाकतो. अरे, तो कोपरा पळून जात नाही! तिथे पोचायला शेजाऱ्याला तुमच्याच अंगणातून यावं लागेल. धोक्यात आहे ती मधली जमीन. ती आज घेतली नाही तर उद्या त्याची. दोन गावांच्या मधे तीन टाइल सुटाव्याच लागतात, म्हणजे खिंडीत किंवा नदीच्या वळणावर तुमचं एक गाव बसलं की त्या पट्ट्यात त्याला पाय ठेवायला जागा उरत नाही. मागचा कोपरा मग सवडीने भरा.

बाजीरावाने हेच केलं. घरची घडी आधी बसवू म्हणत कोकण-देशात बसून राहिला नाही. माळव्याकडे सरकला आणि तिथे माणसं कायमची बसवली. होळकर इंदूरला, पवार धारला, शिंदे आधी उज्जैनला आणि पुढे ग्वाल्हेरला. नुसती स्वारी करून परतला असता तर पुढच्या पावसाळ्यानंतर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं.

मात्र याला एक मर्यादा आहे, तिला खेळात लॉयल्टी म्हणतात. नऊ टाइलच्या आतली माणसं गावाला आपल्याकडे ओढतात, जवळची जास्त, लांबची कमी. शेजाऱ्याच्या राजधानीला चिकटून गाव टाकलं तर ते काही टर्नमध्ये हातचं जातं, एक बाणही न सुटता. गव्हर्नर बसवून थोडा धीर मिळतो, पण पाठीला आपलं दुसरं गाव असेल तरच. १७५८ मध्ये झेंडे अटकेला पोचले, पण मधल्या मुलखात माळव्यासारखी आपली बसलेली माणसं कुठे होती? जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर कुमक पोचली नाही, रसद तुटली, त्यामागे इतरही कारणं आहेत आणि त्यांवर पेठेत दर हिवाळ्यात भांडणं होतात. मी त्यात पडत नाही. खेळात मात्र राजधानीपासून साखळी धरूनच पुढे जातो, एकेक गाव मागच्याच्या हाकेच्या अंतरावर.

५. वंडर नंतर.

स्टोनहेंजला १८० उत्पादन लागतं. त्यात जवळजवळ दोन सेटलर होतात, म्हणजे दोन गावं. डेइटी पातळीवर संगणक तीन सेटलर घेऊन डावात उतरतो. तिथे आपण दगड रचत बसलो तर जमीन त्याची आणि बहुधा स्टोनहेंजही त्याचंच.

बाजीरावाला पेशवाई १७२० मध्ये मिळाली. पालखेडला निजामाला कोंडलं फेब्रुवारी १७२८ मध्ये, त्याच नोव्हेंबरात चिमाजीअप्पाने अमझेऱ्याला माळवा खुला केला. शनिवारवाड्याचा पाया घातला १० जानेवारी १७३० ला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. दहा वर्षं वाड्याविना पेशवाई चालली होती.

शंभराव्या टर्नच्या सुमारास सहा-सात गावं असतील आणि रिकामी जमीन संपली असेल, तर कॉलनायझेशनचं कार्ड काढून टाका, बिल्डर जुंपा आणि खुशाल हवं ते वंडर बांधायला घ्या. पेट्रावर जीव जडला असेल तर त्याला वाळवंटाची सपाट टाइल लागते. गाव वसवतानाच ती बघून ठेवा.