ठशांवरून नाण्यांची मोजणी

रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील प्रांतांत इफिसस, स्मर्ना यांसारखी शहरे स्वतःची ब्राँझची नाणी पाडीत. ती किती पाडली, याचे टांकसाळींचे हिशेब उरलेले नाहीत. मग मोजणी कशी करावयाची?

त्या काळी एक ठसा ऐरणीत बसवून त्यावर धातूची चकती ठेवीत व वरच्या ठशावर हातोडा मारीत. ठसे हाताने कोरलेले असल्याने प्रत्येक ठसा वेगळा ओळखता येतो. समजा, ४० नाण्यांत १० च ठसे आढळले, तर न सापडलेले ठसे थोडेच असणार. ३५ आढळले, तर पुष्कळ ठसे अजून अज्ञात आहेत.

मात्र एकेका शहराचीच नाणी पाहून भागत नाही. सम्राटाच्या मुखवट्याचा एकच ठसा आशिया मायनरमधील अनेक शहरांच्या नाण्यांवर आढळतो, हे कोन्राड क्राफ्ट यांच्या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने दाखविले.

खरी अडचण पुढेच आहे. एखादा ठसा लवकर फुटे, तर एखादा दीर्घकाळ टिके. म्हणून ठशांची संख्या हे साधार अनुमान होय. नाण्यांची एकूण संख्या मात्र तर्कच राहतो. हा भेद न विसरणे, हीच अभ्यासकाची कसोटी.