रोगाची लाज कां धरावी?

कित्येक घरीं क्षयरोगाचें नांव अजूनही दबल्या आवाजानें घेतात. शेजाऱ्यांनीं विचारिलें तर "थोडा ताप येतो" एवढेंच सांगावयाचें. आणि आजारी मुलगी लग्नाची असली, तर तिच्या औषधाच्या गोळ्याही कपाटांत दडवावयाच्या. खोटें बोलण्याची लाज वाटावी हें योग्यच. परंतु जो रोग एका सूक्ष्म जंतूपासून होतो, त्याची लाज रोग्यानें कां धरावी? हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

क्षयाचा जंतु सांपडल्याचें डॉ. रॉबर्ट कॉख यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें जाहीर केलें. हा रोग म्हणजे पापाचें फळ नव्हे व कुळाचा डागही नव्हे, हें तेव्हांच स्पष्ट झालें. पुढें गुणकारी औषधेंही निघालीं. तथापि उपचार अर्धवट सुटले म्हणजे कांहीं जंतु औषधांस दाद देईनासे होतात, आणि असे जंतु श्वासावाटें दुसऱ्यासही ग्रासतात. अशा रोग्यांस पूर्वी कित्येक महिने कानामायसिन टोंचीत असत. तें जंतूंस मारी. परंतु अंतःकर्णांतील केंसासारख्या नाजुक पेशींचाही नाश करी. मनुष्याच्या कानांत या पेशी पुन्हा उगवत नाहींत.

दोन तरुणींच्या वांट्यास हेंच आलें. दक्षिण आफ्रिकेंत केप टाउनजवळील खायेलित्शा येथील फुमेझा तिसिले या महाविद्यालयांत शिकत असतां २०१० सालीं आजारी पडल्या. तीन वर्षांहून अधिक काळ उपचार घेऊन व सुमारें २०,००० गोळ्या गिळून त्या २०१३ सालीं बऱ्या झाल्या. परंतु मध्यंतरीं श्रवण गेलें. मुंबईच्या पत्रकार नंदिता व्यंकटेशन यांस आंतड्यांच्या क्षयानें २००७ सालीं व पुन्हा २०१३ सालीं गांठलें. त्या भरतनाट्यम् शिकलेल्या. आणि टोंचून घेतलेल्या औषधानें त्यांचें श्रवण जवळजवळ नाहींसें झालें. जिला तालावर पाऊल टाकावयाचें, तिलाच ताल ऐकूं येईना!

दोघींनींही आपली हकीकत लपविली नाहीं. नंदिता पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. फुमेझा यांनीं रोग्यांचें गाऱ्हाणें देशोदेशींच्या सभांपुढें मांडलें. परंतु केवळ सहानुभूति मिळवून त्या थांबल्या नाहींत.

बेडाक्विलिन हें तोंडानें घ्यावयाचें नवें औषध अमेरिकेंत २०१२ च्या अखेरीस मान्य झालें होतें. तें जंतूची शक्ति निर्माण करणारी यंत्रणाच बंद पाडतें, आणि कानामायसिनप्रमाणें कान बधिर करीत नाहीं. मात्र तें महाग होतें. मूळ पेटंटाची मुदत २०२३ च्या जुलैंत संपावयाची होती. तोंच औषधाच्या कंपनीनें त्याच द्रव्याच्या एका क्षाररूपावर भारतांत निराळें पेटंट मागितलें. तें मिळतें, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबती.

आपल्या कायद्याप्रमाणें पेटंट देण्यापूर्वीं कोणाही व्यक्तीस हरकत घेतां येते. 'कोणाही' या शब्दांत वकील येतो, शास्त्रज्ञ येतो, तसा रोगीही येतो. फेब्रुवारी २०१९ मध्यें या दोघींनीं मुंबई येथें हरकत नोंदविली. ठाऊक असलेल्या द्रव्याचें नवें रूप म्हणजे नवा शोध नव्हे, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. चार वर्षें वाट पाहावी लागली. अखेर २३ मार्च २०२३ रोजीं, म्हणजे जागतिक क्षयरोगदिनाच्या आदल्या दिवशीं, कंपनीचा अर्ज नामंजूर झाला व इतर कारखान्यांस तें औषध बनविण्याची वाट मोकळी झाली.

येथें एक गोष्ट विसरूं नये. या निकालानें त्या दोघींचें गेलेलें श्रवण परत यावयाचें नव्हतें. त्यांचा रोग केव्हांच बरा झाला होता. ज्यांचीं तोंडें त्यांनीं कधीं पाहिलीं नाहींत, अशा रोग्यांसाठीं त्या झगडल्या. आम्ही अभिमान म्हणतों तो हा. रोगाची फुशारकी मारणें म्हणजे अभिमान नव्हे. सोसल्यानें जें कळलें तें दुसऱ्याच्या उपयोगीं आणणें हा खरा अभिमान होय.

कानामायसिन वापरूं नये असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं सुचविलें. तरी रोग्याचें बोलणें ऐकण्याची गरज संपलेली नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, दोन आठवडे खोकला राहिला तर घरीं सांगा व थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यांत क्षयाची तपासणी व औषधें मोफत मिळतात. उपचार मध्येंच सोडूं नका. औषध घेतांना कांहीं त्रास झाला, तर डॉक्टरांस निःसंकोच सांगा. तुमच्या शरीरांत काय होत आहे हें प्रथम तुम्हांसच कळतें. वर्गांतील मित्र आजारी असल्यास त्याची गोष्ट त्याच्या परवानगीवांचून चव्हाट्यावर मांडूं नका. मात्र तो स्वतः सांगूं लागला, तर मान वळवूं नका.

आणि पालकांस आमची एकच विनंती: कपाटांत दडविलेल्या त्या गोळ्या बाहेर काढून जेवणाच्या ताटाजवळ ठेवा. आपल्या आजाराची आपल्याच घरांत लाज वाटत नाहीं, हें मुलास समजलें, म्हणजे बाहेर बोलण्याचें धैर्य त्यास येईल.