जादू मंत्रालयातलं राजकारण

प्रश्न : आम्ही वॉटफर्डला राहतो. लेकीला लीव्हज्डनच्या हॅरी पॉटर स्टुडिओत नेलं होतं. जादू मंत्रालयाच्या पुतळ्याखाली चिरडलेली माणसं पाहून ती विचारू लागली, ‘यांनी काय केलं होतं?’ या गोष्टीत हिटलरचं राजकारण दडलंय म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक, वॉटफर्ड

उत्तर : खरं आहे, फक्त ते फारसं दडलेलं नाही. सातव्या पुस्तकात (२००७) खलनायक व्होल्डेमॉर्टची माणसं मंत्रालय ताब्यात घेतात आणि मगल, म्हणजे जादू न येणाऱ्या, आईबापांच्या पोटी जन्मलेल्या जादूगारांची सक्तीने नोंदणी सुरू होते. जादू चोरल्याचा आरोप ठेवून त्यांच्या छड्याही काढून घेतल्या जातात. त्यांचा गुन्हा एवढाच, की जन्म ‘चुकीच्या’ घरात झाला. नात्सी जर्मनीत १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी आजी-आजोबांपैकी किती ज्यू, हे मोजून माणसाचे हक्क ठरवले. कथेतला आधीचा दुष्ट जादूगार ग्रिंडेलवाल्ड याच्या पराभवाचं साल १९४५ हा योगायोग नव्हे, असं लेखिका रोलिंग यांनीच सांगितलंय. ‘शुद्ध रक्त’, ‘अर्धं रक्त’ ही वर्गवारी मात्र त्यांनी आधीच रचली होती. नात्सींचा तसाच तक्ता वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात त्यांनी नंतर पाहिला आणि त्या हादरल्या.



पण म्हणून प्रत्येक परीकथेत राजकारण हुडकत बसू नये. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ हे पुस्तक १९०० सालचं. हेन्री लिटलफील्ड या अमेरिकन शिक्षकाने १९६४ साली त्याची फोड केली : पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे सोन्यावर आधारलेलं चलन, नायिकेचे चांदीचे बूट म्हणजे चांदीची नाणी मागणारी शेतकऱ्यांची चळवळ. पुढे कितीतरी वर्गांत हे शिकवलं गेलं. मूळ लेखक बॉम यांच्या मनात तसं काही असल्याचा पुरावा नाही, हे लिटलफील्ड यांनीच नंतर मान्य केलं. कथेतले प्रसंग आणि लेखकाचे शब्द दोन्ही साक्ष देत असतील, तरच अर्थ पक्का धरावा. हॅरी पॉटरच्या बाबतीत दोन्ही देतात.

लेकीला उत्तर देताना हिटलरपासून सुरुवात करायची गरज नाही. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणं म्हणजे काय, हे मराठी घराला सांगायला जर्मनी गाठावी लागत नाही. तिला महाडच्या चवदार तळ्याचा १९२७चा सत्याग्रह सांगा. पुतळ्याखालची माणसं तिला आपोआप कळतील.