एक गाडी, तीन जोडण्या

उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर जरा वेळ उभे राहा. एकेका ट्रॅक्टरमागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जाताना दिसतील. आपली नजर साहजिकच उसाकडे जाते. आज मात्र ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधल्या वीतभर जागेकडे पाहा. तेथे एक कडी असते, तिला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दोन जाड पट्ट्या असतात आणि या सर्वांतून आरपार गेलेली एक पिन असते. कित्येक टनांचा बोजा त्या एका पिनेच्या भरवशावर चाललेला असतो.

पण प्रत्येक ट्रेलरला अशी कडी नसते. मग एकाच गाडीला निरनिराळे ट्रेलर जोडायचे असतील तर? असा सर्वांना चालणारा सांधा आज आपणच आखून पाहू.

सांध्याने काय करावयाचे?

सांध्याने नुसते ओढून भागत नाही. वळणावर ट्रेलर डावी-उजवीकडे फिरला पाहिजे. चढ-उतार लागला की त्याची दांडी वर-खाली झाली पाहिजे. एक चाक खड्ड्यात गेले तर तो एका अंगाला कलला पाहिजे. या तीनही हालचाली होऊ द्यायच्या, पण सांधा मात्र सुटू द्यायचा नाही, अशी ही दुहेरी अट आहे.

आपल्या शरीरात कोपराचा सांधा बिजागरीचा, तर खांद्याचा उखळीचा असतो. कोपर एकाच पातळीत वाकते. खांदा सर्व बाजूंनी फिरतो. ट्रेलरला हवा असतो तो खांद्यासारखा सांधा.

तीन प्रकारची तोंडे

पहिला प्रकार कडी व पिनेचा. पिनेभोवती कडी सहज फिरते. उरलेल्या दोन हालचालींसाठी कडी थोडी सैल ठेवावी लागते.

दुसरा प्रकार गोळा व वाटीचा. गाडीला पोलादी गोळा आणि ट्रेलरच्या दांडीला त्यावर बसणारी वाटी असते. हा खरा उखळीचा सांधा. युरोपात मोटारींसाठी ५० मिमी व्यासाचा गोळा रूढ आहे. अमेरिकेत सुमारे ४७.६, ५०.८ आणि ५८.७ मिमी असे तीन गोळे प्रचारात आहेत.

तिसरा प्रकार जबड्याच्या हूकचा. जाड कडी आत घेऊन वरचा जबडा मिटतो व खिळीने अडकतो. लष्करी ट्रकमागे हा हूक नेहमी दिसतो.

‘बसते’ म्हणजे ‘जुळते’ नव्हे

येथे एक धोका लक्षात घ्या. ५०.८ मिमीची वाटी ४७.६ मिमीच्या गोळ्यावर आरामात बसते. खटका लागल्यासारखाही वाटतो. फरक अवघा ३.२ मिमीचा. पण रस्त्यावर मोठा दणका बसला की वाटी गोळ्यावरून उडते आणि मोकळा सुटलेला ट्रेलर समोरच्या माणसावर जातो. म्हणून आपल्या सांध्याचा पहिला नियम असा : प्रत्येक तोंडावर त्याचे माप ठळक कोरलेले असावे.

आपली रचना

गाडीच्या सांगाड्याला एक चौकोनी पोलादी नळी पक्की बसवू. तिच्यात सरकणारे तीन दांडे करू. एकाच्या टोकाला गोळा, दुसऱ्याच्या टोकाला कडीसाठी दोन पट्ट्या, तिसऱ्याच्या टोकाला जबडा. हवा तो दांडा नळीत सरकवायचा आणि आडवी पिन घालायची. पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला क्लिप लावायची.

पिन किती जाड हवी? समजा ट्रेलर ३००० किलोग्रॅमचा आहे. गाडी वेग घेताना त्वरण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर त्यासाठी लागणारे बल ३००० × ०.५ = १५०० न्यूटन. हे थोडेच झाले. परंतु सांधा सैल असेल तर गाडी आधी पुढे सरकते आणि मग ट्रेलरला हिसका बसतो. हिसक्यात ट्रेलरचा वेग ०.०२ सेकंदात ०.२ मीटर प्रति सेकंदाने बदलला, तर सरासरी बल ३००० × ०.२ ÷ ०.०२ = ३०,००० न्यूटन. म्हणजे वीसपट! पिना तुटतात त्या बहुधा ओढण्याने नव्हे, हिसक्यांनी.

१६ मिमी व्यासाच्या पिनेचा छेद ३.१४ × ८ × ८ = २०१ चौ. मिमी. पिनेला दोन्ही बाजूंनी आधार असेल, तर ती तुटण्यासाठी दोन ठिकाणी कातरली जावी लागते. प्रत्येक चौ. मिमीवर ३०,००० ÷ ४०२ = सुमारे ७५ न्यूटन येतात. आधार एकाच बाजूने असेल तर हाच आकडा १४९ होतो. साधे पोलाद अशा कातरीत सुमारे १४० न्यूटनच्या पुढे कायमचे विरूपित होऊ लागते. एक पट्टी वाचवली, तर पिनच हातची जाते!

आणखी एक गोष्ट. गोळा २००० किलोग्रॅमचा, नळी ३५०० ची आणि वाटी १५०० ची असेल, तर संपूर्ण सांधा १५०० चाच समजावा.

उलाळ गाडी

बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. शेतकरी मग पोती पुढे सरकवतो. एका आसाच्या ट्रेलरचेही तसेच आहे. सांध्यापासून आस ३ मीटरवर असून १००० किलोग्रॅम ट्रेलरचा गुरुत्वमध्य आसाच्या ०.३६ मीटर पुढे असेल, तर सांध्यावरील भार १००० × ०.३६ ÷ ३ = १२० किलोग्रॅम, म्हणजे एकूण वजनाच्या १२ टक्के. मोटारीमागच्या अशा ट्रेलरसाठी अमेरिकेत १० ते १५ टक्के भार योग्य मानतात. भार फारच कमी असेल तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो.

ट्रॅक्टरला मात्र सांधा नेहमी मागच्या आसापेक्षा खाली हवा. वर जोडलेला बोजा ट्रॅक्टरलाच मागे उलथवू शकतो.

शेवटी साखळ्या. पिन निसटलीच, तर ट्रेलर धरून ठेवण्यासाठी दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींना छेदून बांधतात. दांडी मग जमिनीत न रुतता त्यांच्या झोळीत पडते.

करून पाहा

३० सेंमीची पट्टी पेन्सिलीवर आडवी ठेवा. पेन्सिल शून्याच्या टोकापासून १८ सेंमीवर असू द्या. शून्याचे टोक रबरबँडने वर धरा. चार-पाच नाणी १० सेंमीवर ठेवा. रबर ताणले जाईल. तीच नाणी २७ सेंमीवर न्या. काय होते?

विचार करा

१. १५०० किलोग्रॅमच्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य आसाच्या ०.४ मीटर पुढे आहे. आस सांध्यापासून ३ मीटरवर आहे. सांध्यावर किती भार येईल?
२. पिनेचा व्यास निम्मा केला तर प्रत्येक चौ. मिमीवरील बल किती पट होईल?

(उत्तरे : १. २०० किलोग्रॅम. २. चौपट.)

आणि पुढच्या वेळी ट्रॉली दिसली की उभ्या असलेल्या ट्रॉलीजवळ जाऊन, चालकाला विचारून, पिनेला क्लिप आहे की नाही तेवढे जरूर पाहा. क्लिपऐवजी वाकडी तार दिसली, तर त्याला हे गणित समजावून सांगा.