ठोके चुकत असतानाच पट्टी काढा

कंपनीच्या वार्षिक तपासणीत ईसीजी नॉर्मल आला की आपण त्या विषयाची फाइल बंद करतो. कॅन्टीनमागच्या हॉलमध्ये रांगेत शर्ट काढून पडायचं, छातीवर गार जेल, हातापायांना क्लिपा, आणि मशीनमधून गुलाबी चौकटींचा कागद बाहेर. त्या कागदावर हृदयाचे जेमतेम दहा सेकंद असतात. वर्षभरातले दहा सेकंद! मेंटेनन्सवाल्याला यातली मेख समजावून सांगावी लागत नाही. पॅनेलमधलं लूज कनेक्शन रात्री तीनला लाइन बंद पाडतं, आणि सकाळी इलेक्ट्रिशियन मीटर घेऊन उभा राहिला की सगळं सुरळीत. अधूनमधून येणारा फॉल्ट तो आलेला असतानाच पकडावा लागतो.

मी चाकणला प्रेस शॉपच्या मेंटेनन्समध्ये आहे, राहायला निगडी प्राधिकरणात. हा ठोक्यांचा त्रास सुरू झाला तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखू-विडी कधीच नाही. सकाळी दुर्गा टेकडी, आणि गुरुवारी सुट्टी असली की जुन्या हायवेनं लोणावळ्यापर्यंत सायकल. सोसायटीत हार्टचा विषय निघाला की लोक माझ्याकडे बोट दाखवायचे, बघा, असं राहावं.

थर्ड शिफ्टला मध्यरात्रीनंतर छातीत फडफड सुरू झाली. दुखत नव्हतं, घामही नव्हता. ठोके घशाशी जाणवत होते आणि मेझनाइनचा जिना चढताना दम लागत होता. कंपनीच्या दवाखान्यातल्या ब्रदरनं बोटाला ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन ९८, पण खालचा नाडीचा आकडा काही स्थिर होईना. ११०, १४८, ९४, १३७. "सेल उतरलेत वाटतं, साहेब," म्हणत त्यानं सेल बदलले. नवे सेल टाकूनही आकडे तसेच नाचत राहिले. मग ॲसिडिटीची गोळी मिळाली. जेवण अवेळी, वर चहा, रात्रपाळी. निदान अगदीच अडाणीपणाचं नव्हतं. चाकणहून गाडी काढून शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत फडफड थांबली होती. ईसीजी स्वच्छ निघाला, हार्ट ॲटॅकसाठीची रक्ततपासणी (ट्रोपोनिन) नॉर्मल आली, "टेन्शन कमी घ्या" असा सल्ला मिळाला आणि मी घरी आलो.

पुढच्या वेळी मात्र सहकाऱ्यानं मला शहराकडे नेण्याऐवजी आधी चाकणमधल्याच एका छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नाडीवर तीन बोटं ठेवली, काही सेकंद गप्प राहिले आणि म्हणाले, "बाकी सगळं नंतर. आधी ईसीजीची पट्टी काढू." पट्टी निघाल्यावर त्यांनी तिच्या कडेला एक कोरा कागद धरला, लागोपाठच्या उंच टोकांपाशी पेनानं खुणा केल्या आणि कागद पुढे सरकवत गेले. एकही खूण पुढच्या टोकाशी जुळेना. "अंतर सारखं नाही, आणि प्रत्येक उंच टोकाआधी जो छोटा उंचवटा दिसायला हवा, तोही नाही. वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरताहेत. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ." मी पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. पुढे कार्डिओलॉजिस्टनं माझ्या जाड फाइलमधलं काहीही वाचण्याआधी तो फोटो मोठा करून पाहिला.

म्हणून सांगतो, अशी फडफड सुरू झाली की 'मोठ्या हॉस्पिटलात जाऊ' म्हणून तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्याआधी जवळ जिथं ईसीजी मशीन असेल तिथं पट्टी काढून घ्या. दोन अपवाद आहेत. छातीत दुखणं, घेरी किंवा बेशुद्धी, खूप धाप असेल तर. किंवा तोंड वाकडं होणं, हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं दिसलं तर. तेव्हा दवाखाने शोधत बसायचं नाही, थेट १०८. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

दुसरी गोष्ट, फडफड कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा. हे क्षुल्लक वाटतं, पण पुढचे उपचार त्यावर ठरतात. वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत तेव्हा डाव्या कप्प्याच्या एका छोट्या खिशात रक्त साचतं आणि तिथं गुठळी धरू शकते. झटका देऊन किंवा औषधानं ठोके घाईनं पूर्ववत केले तर तीच गुठळी सुटून मेंदूत जाण्याची भीती. पूर्वी त्यासाठी फडफड सुरू झाल्यापासून ४८ तासांची मर्यादा मानत. २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती २४ तासांवर आणली. त्यापुढे आधी निदान तीन आठवडे रक्त पातळ करणारी औषधं, नाहीतर अन्ननलिकेतून सोनोग्राफी करून गुठळी नाही याची खात्री. "कालपासून असेल, नाहीतर परवापासून" हे उत्तर डॉक्टरांच्या काहीच कामाचं नसतं.

लोक गोंधळतात ते इथंच. ठोके थांबले म्हणजे प्रश्न मिटला, असं वाटतं. ठोक्यांचा प्रश्न वेगळा आणि गुठळीचा वेगळा. एएफमुळे पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो, पण सगळ्यांना सारखा नाही. वय ६५ च्या वर, बीपी, मधुमेह, हृदय कमकुवत, रक्तवाहिन्यांचा आजार, आधी होऊन गेलेला पक्षाघात, यांचे गुण मोजून रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतात. माझे गुण शून्य आले, म्हणून मला कायमची गोळी नाही. पण दरवर्षी गुण पुन्हा मोजायचे, कारण वय आणि बीपी दोन्ही चढणारच. आणि 'हार्टचं आहे ना, मग ॲस्पिरिन चालू ठेवू' हा घरगुती तोडगा इथं लागू नाही. एएफमधल्या गुठळीसाठी ॲस्पिरिन उपयोगी नाही, रक्तस्रावाचा धोका तेवढा पदरी पडतो. आमच्या सेक्शनमध्ये निम्म्या लोकांच्या खिशात ती पांढरी गोळी असते, कुणी दिली ते विचारलं तर मेव्हण्यानं.

मग धडधाकट माणसाला हे होतंच का? डॉक्टरांनी आधी दडलेली कारणं तपासली. इकोमध्ये झडपा ठीक. थायरॉईड ठीक. बीपी दिवसभराचं मोजलं, तेही बरं. झोपेच्या चाचणीत मात्र श्वास अडकत होता. आमच्या सौ. वर्षानुवर्षं घोरण्याबद्दल बोलत होत्या, त्यावर आता कागद मिळाला. झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडकला की वरच्या कप्प्यांवर ताण येतो.

शिवाय डॉक्टरांनी वार विचारले. पहिली वेळ सोडली तर प्रत्येक वेळी बुधवारची रात्र नाहीतर गुरुवारची पहाट! आमचा साप्ताहिक सुट्टीचा वार गुरुवार, त्यामुळे बुधवारी ढाब्यावर बसणं आलंच. अमेरिकेत १९७८ मध्येच डॉक्टरांनी याला 'हॉलिडे हार्ट' नाव दिलं होतं. सुट्टीच्या पिण्यानंतर धडधाकट माणसांचे ठोके बिघडून ती हॉस्पिटलात येत. ऑस्ट्रेलियातल्या २०२० च्या एका अभ्यासात नियमित पिणाऱ्या एएफच्या रुग्णांनी दारू जवळजवळ सोडली, तेव्हा त्यांच्यातल्या ५३ टक्क्यांना त्रास पुन्हा झाला. ज्यांनी सोडली नाही त्यांच्यात ७३ टक्क्यांना.

रात्रपाळीचं काय, हे आपल्या पट्ट्यात सगळ्यांनाच विचारावंसं वाटतं. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत नेहमी रात्रपाळी करणाऱ्यांना एएफचा धोका दिवसपाळीवाल्यांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी जास्त दिसला. तेवढ्यावरून नोकरी सोडायची नसते. तीन पाळ्यांवर घरं चालणाऱ्यांना असला सल्ला देणं सोपं असतं. पण निदान झालं असेल तर पाळी बदलून मागायला डॉक्टरांची चिठ्ठी जरूर न्यावी. व्यायामाबद्दलही एक खरं सांगायला हवं. स्वीडनमध्ये ९० किलोमीटरच्या बर्फावरच्या स्कीइंग शर्यतीत उतरलेल्या ५० हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला. ज्यांनी पाच किंवा जास्त शर्यती पूर्ण केल्या, त्यांच्यात ठोके बिघडण्याचं प्रमाण एकदाच उतरलेल्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त होतं. टेकडी सोडू नका. पण रात्रपाळी उतरून तशीच लोणावळ्याची सायकल काढण्याचं शौर्य मी आता दाखवत नाही.

स्मार्ट घड्याळाबद्दल सगळे विचारतात. अमेरिकेत ४ लाखांहून अधिक लोकांच्या मनगटावर घड्याळानं नाडी तपासली, तेव्हा अनियमित नाडीचा इशारा मिळाला ०.५२ टक्के लोकांना. इशारा आला तर दुर्लक्ष नको, आला नाही म्हणून निर्धास्तही नको. निदान पट्टीवरच होतं.

हे सगळं माझ्यासारख्याचं. आमच्याच लाइनवर मराठवाड्यातून आलेला, कंत्राटावरचा एक मुलगा आहे, तिशीचा. तोही दिसायला ठणठणीत. त्याला लहानपणी घसा सुजून ताप आला होता आणि सांधे धरले होते, गावात कुणी फार मनावर घेतलं नाही. त्या तापानं हृदयाची झडप आखडली आणि आता एएफ. देशभरातल्या दीड हजारांवर एएफ रुग्णांची २०११-१२ मध्ये नोंद झाली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांच्या मुळाशी अशीच खराब झडप होती. हा ताप पुन्हा उलटू नये म्हणून पेनिसिलिन देतात. ते बनवण्यासाठी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली आपल्याच पिंपरीत स्थापन झाली, आणि त्याच पट्ट्यात पोटासाठी आलेल्या पोराला ते लहानपणी वेळेवर मिळालं नव्हतं.

झडप आखडलेल्यांना गुणांचं गणित लागू होत नाही. त्यांना रक्त पातळ करणारी गोळी लागतेच, आणि तीही जुनी. नवी महाग गोळी अशा रुग्णांत कमी पडते, हे २०२२ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. जुन्या गोळीवर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, तपासत राहावं लागतं, साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचं. पालेभाज्यांमुळे गोळीच्या परिणामात फरक पडतो. म्हणून मेथी-पालक बंद करायची नाही, पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असंही करायचं नाही. खर्चाचं म्हणाल तर, महिन्याचा पगार २१ हजारांच्या आत असेल तर कंत्राटी कामगारालाही ईएसआयचा हक्क असतो. ठेकेदाराकडून कार्डाचा नंबर मागून घ्या आणि तो चालू आहे का ते पाहा. त्या मुलाच्या आयकार्डमागे आम्ही गोळीचं नाव चिकटवलं आहे, कारण प्रेस शॉपमध्ये हात कापणं नवं नाही, आणि पाठ धरली की दवाखान्यात सर्रास डायक्लोफिनॅक मिळतं, जे या गोळीबरोबर चालत नाही.