कोशर जिलेटिन म्हणजे शाकाहारी का?

प्रश्न : अमेरिकेतल्या भाच्यानं येताना मुलांसाठी मार्शमॅलोचं पाकीट आणलं. घटकांच्या यादीत ‘कोशर जिलेटिन’ असं छापलंय. आमच्या लिंगायत घरात अंडंसुद्धा शिजत नाही. भाचा म्हणतो, कोशर म्हणजे शुद्ध, बिनधास्त खा. शेजारच्या आपा म्हणतात, कोशर म्हणजे आमच्या हलालसारखंच काहीतरी, तेव्हा त्यात जनावर आलंच. खरं काय? हे जिलेटिन करतात कसं आणि खाण्याच्या वस्तूंत घालतात कशाला?
— एक वाचक, भालकी, जि. बीदर

उत्तर : आपांचं बरोबर आहे. पाकीट फोडण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. ज्यू धर्मात खाण्यापिण्याचे जे नियम आहेत त्यांत बसणारा पदार्थ म्हणजे कोशर. त्याचा शाकाहाराशी संबंध नाही. बकरा कोशर असू शकतो, कोंबडीही. जिलेटिन तर वनस्पतीतून निघतच नाही. ते जनावराच्या हाडांतून, कातड्यातून किंवा माशाच्या कातडीतून काढतात. तेव्हा हे मार्शमॅलो तुमच्या घरात चालणार नाहीत. गोंधळ व्हायला एक कारण मात्र आहे. परदेशात ‘कोशर जेल’ नावाची पावडर मिळते, ती बहुधा समुद्री शेवाळातून काढलेल्या कॅराजीननची असते. ती शाकाहारी. पण यादीत ‘जिलेटिन’ हा शब्द आला की विषय संपला.

जिलेटिन म्हणजे काय हे आपांच्या स्वयंपाकघरात बघायला मिळेल. रात्रभर मंद आचेवर शिजलेला पाया, म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा, सकाळी गार झाला की पातेलं कलतं केलं तरी रस्सा ओघळत नाही. बोट लावलं तर थरथरतो आणि पुन्हा आचेवर ठेवला की पातळ होतो. हाडांना, कातड्याला, स्नायूंच्या बंधांना चिवटपणा देणारं कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून बसलेल्या असतात. पाण्यात बराच वेळ तापवलं की पीळ सुटतो. गार होताना त्या साखळ्या जागोजागी एकमेकींना पुन्हा धरतात आणि मधे पाणी अडकून राहतं. पाया थिजतो तो यामुळे. तेच सुटं झालेलं कोलॅजेन गाळून, वाळवून, दळून पिशवीत भरलं की जिलेटिन.

कारखान्यात हे काम सावकाश चालतं. हाडांचा चुरा गरम पाण्यात ढवळून चरबी काढतात, मग तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही दिवस ठेवतात. आम्ल हाडातलं कॅल्शियम-फॉस्फेट विरघळवून नेतं आणि मागे राहतो तो हाडाच्याच आकाराचा, पण बोटानं दाबला तर दबणारा तुकडा. त्याला ओसिन म्हणतात. आम्लाबरोबर गेलेला खनिज भागही वाया जात नाही. त्याचं डायकॅल्शियम फॉस्फेट करून जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. ओसिन पुढे चुन्याच्या पाण्यात कित्येक आठवडे मुरतं. मग ते धुऊन गरम पाण्यात त्याचा अर्क उतरवतात. पन्नास-साठ अंशांवर निघालेला पहिला उतारा सर्वांत घट्ट थिजणारा असतो. पुढच्या प्रत्येक उताऱ्याला पाणी जास्त तापवावं लागतं आणि ताकद कमी होत जाते. डुकराच्या कातड्याला चुन्याची गरज नसते, आम्लात थोडा वेळ ठेवूनच काम भागतं. युरोपात त्यापासून फार मोठ्या प्रमाणावर जिलेटिन होतं.

आपल्या देशात मुख्य कच्चा माल म्हणजे गुराढोरांची, त्यातही म्हशींची हाडं. मराठी मुलखातलं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यात आहे. बल्लारपूरजवळ बामणी इथल्या बामणी प्रोटीन्स या कारखान्यात अनेक वर्षं ओसिन बनलं. ही कोचीच्या निट्टा जिलेटिन इंडियाची उपकंपनी. जबलपूरचा नर्मदा जिलेटिन्सचा कारखानाही जुना. या सगळ्या साखळीचं पहिलं टोक मात्र कारखान्यात नसतं. ते गावाबाहेर असतं. आपल्याकडे मेलेलं जनावर ओढून नेणं, सोलणं, हाडं वेचणं हे काम पिढ्यान् पिढ्या दलितांवर लादलं गेलं. जिलेटिनच्या शुद्धतेची चर्चा करताना या माणसांची आठवण कुणी काढत नाही, हे मला खटकतं.

आता कोशरचा मुद्दा. ज्यू नियमांप्रमाणे चार पायांचं जनावर खाण्याजोगं ठरायला दोन खुणा लागतात : खूर दुभंगलेला हवा आणि जनावर रवंथ करणारं हवं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी बसतात. डुकराचा खूर दुभंगलेला असला तरी ते रवंथ करत नाही, म्हणून ते बाद. पण एवढ्यानं भागत नाही. ते जनावर शिकलेल्या शोहेतनं, म्हणजे ज्यू रीतीनं जनावर कापणाऱ्यानं, धारेला खवलासुद्धा नसलेल्या सुरीनं, ठरल्या रीतीनं कापलेलं असावं लागतं. आपल्या देवणीच्या पट्ट्यात म्हातारपणानं मेलेला बैल घ्या. जात कोशर, पण आपोआप मेला म्हणून तो ‘नेवेला’, म्हणजे निषिद्ध. त्याच्या हाडांतून काढलेल्या जिलेटिनचं काय?

यावर धर्मगुरूंनी शंभर वर्षं वाद घातलाय आणि तो मनापासून घातलाय. सोळाव्या शतकात क्राकोच्या मोशे इसरलेस यांनी जनावराच्या जठराचं कातडं लाकडासारखं वाळलं असेल तर ते वापरायला मुभा दिली होती, कारण त्यात अन्नपणच उरलेलं नसतं. त्याच धाग्यानं व्हिल्नाचे खाईम ओझेर ग्रोजेन्स्की (१८६३–१९४०) यांनी पूर्ण सुकलेल्या हाडांच्या जिलेटिनला परवानगी दिली. इस्राएलचे सेफार्दी मुख्य धर्मगुरू राहिलेले ओवादिया योसेफ यांनीही सवलतीची बाजू घेतली. अमेरिकेतल्या आहारोन कोटलर यांना ते मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, शेवटी माणूस ते खायलाच घेतोय, मग मधे ते किती वाळलं होतं याला काय अर्थ? मोशे फाइनस्टाइन यांनी रीतसर कापलेल्या जनावराच्या स्वच्छ केलेल्या कातड्यातून काढलेलं जिलेटिन चालतं असं सांगितलं, आणि ज्यूंना मांस आणि दूध एकत्र चालत नसलं तरी हे मांसात धरायचं नाही म्हणून दुधाच्या पदार्थातही चालेल, असंही.

यामुळे आज बाजारात दोन-तीन तऱ्हेचं ‘कोशर’ जिलेटिन दिसतं. कडक मताच्या संस्था, उदाहरणार्थ अमेरिकेतली ऑर्थोडॉक्स युनियन, रीतसर कापलेल्या जनावराचं किंवा कोशर माशाचंच जिलेटिन मानतात. सवलतीच्या मताचे काही धर्मगुरू इतर हाडांच्या जिलेटिनलाही प्रमाणपत्र देतात. इस्राएलमध्ये काही पाकिटांवर ‘जिलेटिन खाणाऱ्यांसाठी कोशर’ असंच छापतात, म्हणजे ज्याला पटेल त्यानं घ्यावं. हा उपाय मला प्रामाणिक वाटतो. नुसतं इंग्रजी ‘के’ अक्षर मात्र कुणीही छापू शकतं, कारण एकट्या अक्षरावर कुणाचा हक्क नोंदवता येत नाही. तुमच्या पाकिटावरची खूण नीट बघा.

आपांनाही हे सांगा : रीतसर कापलेल्या गाई-म्हशीचं कोशर जिलेटिन काही मुस्लिम विद्वान मान्य करतात, काही करत नाहीत. कोशर माशाच्या जिलेटिनला सहसा हरकत नसते. सवलतीच्या प्रमाणपत्राखाली मात्र कोणतं जनावर असेल ते सांगता येत नाही. त्यांना हवी असेल तर हलालची वेगळी खूण त्यांनी शोधावी.

पर आणि खवले असलेलाच मासा खायचा, हा कोशर माशाचा नियम आपल्या मराठी ज्यूंनी, बेने इस्राएलांनी, कोकणात शतकानुशतकं पाळला. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्यात एक कथा सांगतात : दावीद राहाबी नावाचा ज्यू प्रवासी त्यांच्याकडे आला आणि हे आपले धर्मबंधू आहेत का हे पाहायला त्यानं बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. त्याला खूण पटली. हाच नियम आज कारखान्यात चालतो. आपल्या कारंजा धरणातल्या रोहूच्या, कटल्याच्या कातडीचं जिलेटिन कोशर होऊ शकतं. मांगूरचं नाही, त्याला खवले नसतात.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पांढरट-पिवळसर पावडर हातात घेऊन ती कोशर आहे की नाही हे जगातली कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. प्रथिनांचे तुकडे तपासून डुक्कर की गाय एवढं कळतं. पण ती गाय कशी मेली, सुरी कुणी धरली, हे पावडरीत कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून कोशरचं सगळं काम माणसाच्या डोळ्यांवर चालतं. मशगियाख नावाचा देखरेखीचा माणूस कत्तलखान्यापासून कारखान्यापर्यंत माल वेगळा ठेवला जातो ना, पिशव्यांची मोहोर शाबूत आहे ना, हे पाहतो. आधी दुसरा माल केलेली टाकी असेल तर ती चोवीस तास रिकामी ठेवून उकळत्या पाण्यानं शुद्ध करवून घेतो. एवढी वेगळी वाट काढावी लागते म्हणून अस्सल कोशर जिलेटिन महाग पडतं, आणि बरेच कारखानदार माशाकडे वळतात.

एवढी खटपट करून घालतात कशाला, तर जिलेटिन पस्तीस अंशांच्या आत वितळतं. आपलं अंग सदतीस अंशांवर. त्यामुळे ते तोंडात घोळवलं की आपोआप विरघळतं आणि चव सोडतं. शेवाळाच्या जेलीला हे जमत नाही, ती दातानं तोडावी लागते. चघळायच्या गमीच्या गोळ्यांत शेकडा सहा ते नऊ भाग जिलेटिन असतं. मार्शमॅलोत त्याहून बरंच कमी. तिथं त्याचं काम फेटलेल्या पाकातली हवा धरून ठेवण्याचं. योगर्टमध्ये पाणी सुटू नये म्हणून, मूसमध्ये घट्टपणासाठी, फळांचा रस आणि वाइन नितळ करायला ते वापरतात. आणि जिथं कुणाला शंका येणार नाही अशी एक जागा : पेयाला पिवळा-नारिंगी रंग देणारं बीटा-कॅरोटीन, ते पाण्यात मिसळावं म्हणून पुष्कळदा जिलेटिनच्या बारीक कणांत गुंडाळलेलं असतं.

जिलेटिन किती ताकदीचं हे ‘ब्लूम’मध्ये मोजतात. ऑस्कर ब्लूम यांनी १९२५मध्ये या मोजणीच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ६.६७ टक्क्यांचं द्रावण दहा अंशांवर सतरा तासांच्या आसपास थिजू देतात, मग अर्धा इंच रुंदीचा दट्ट्या त्यात चार मिलिमीटर खोल जायला किती ग्रॅम भार लागतो ते पाहतात. पन्नासपासून तीनशेपर्यंत आकडा येतो. गमीला दोनशेच्या वरचं जिलेटिन लागतं.

औषधांतही ते आहे. बीदरच्या कोळार औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनतो, तो पुढे ज्या कॅप्सूलमध्ये भरतात तिचं कवच बहुधा जिलेटिनचंच असतं. वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेलं एचपीएमसीचं कवचही मिळतं. डॉक्टरांना विचारून ते मागता येतं. ते नसेल म्हणून चालू औषध मात्र बंद करू नका.

भारतात बनलेल्या पाकिटाचं सोपं आहे. जिलेटिन असलं की हिरवा ठिपका मिळत नाही. २०२०च्या लेबल नियमांनी मांसाहारी खूण गोलाऐवजी तपकिरी त्रिकोणाची केली. पण त्रिकोण एवढंच सांगतो की आत प्राण्याचं काहीतरी आहे. कोणता प्राणी, हेही पाकिटावर छापणं सक्तीचं व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. भालकीत, बसवकल्याणात, आळंदमध्ये एका गल्लीत तीन प्रकारची पथ्यं पाळणारी घरं असतात. प्रत्येकाला आपल्यापुरतं उत्तर मिळालं पाहिजे.

मुलांना थरथरणारं काही हवंच असेल तर दोन मार्ग आहेत. कुरडईसाठी तुम्ही गव्हाचा चीक काढताच. बेने इस्राएल लोक नव्या वर्षाला, रोश हशानाला, त्याच चिकात नारळाचं दूध आणि साखर घालून हलवा आटवतात, थाळीत ओतून वड्या पाडतात. गाईचं दूध नसल्यानं मटणाच्या जेवणानंतरही तो त्यांना चालतो, आणि त्याला थिजवायला गव्हाचा स्टार्च पुरतो. दुसरा मार्ग चायना ग्रासचा. हे अगार समुद्री शेवाळातून निघतं. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर त्याची शेवाळं गोळा करतात. दहा ग्रॅम चायना ग्रास पाण्यात भिजवून, उकळून पूर्ण विरघळवा आणि लिटरभर गरम दुधात गाळून घाला. दूध गार असेल तर गुठळ्या होतात. ताजं अननस घालायचं असलं तरी बिनघोर घाला. जिलेटिनची जेली ताज्या अननसानं थिजत नाही, कारण त्यातलं ब्रोमेलेन प्रथिन तोडतं. चायना ग्रासमध्ये तोडायला प्रथिनच नसतं.